रस्त्याकडेच्या अकरा जाती

जेऊर, २० ऑगस्ट

चि. अपेक्षास अनेक आशीर्वाद.

फोनवर तू दोन मिनिटांत कंटाळतेस, म्हणून पत्र. आपल्या गायरानाचा तुझा अहवाल ग्रामपंचायतीत आला. साऱ्या माळावर म्हणे वनस्पतींच्या अकराच जाती, म्हणून जमीन निकृष्ट आणि सौर कंपनीला द्यायला मोकळी. तुला शाळेत विज्ञान मीच शिकवलं, याची लाज वाटली. भर मे महिन्यात गाडीतून उतरलीस आणि मुरमाच्या रस्त्याकडेने चाललीस. तिथून रोज गावची शेरडं जातात. ती ज्याला तोंड लावत नाहीत तेवढंच तिथं उरतं, तरवड, घाणेरी, धोतरा. तेच मोजून आलीस आणि वर सही ठोकलीस.

केराबाईची शेरडं त्याच माळावर जगतात, आणि तिथल्या एकेका गवताचं नाव तिला तोंडपाठ आहे; तिला तरी विचारायचं होतंस. ती तुझी आठवण काढते. राग आला तरी उत्तर लिही.

तुझा आप्पामामा

शुक्रवार पेठ, सोलापूर, २७ ऑगस्ट

ती. आप्पामामांस सा. न. वि. वि.

घरबसल्या शहाणपण सोपं असतं. साहेबांनी दोन दिवस आणि एक गाडी दिली होती, उन्हात पाय माझे भाजले. अ‍ॅपला फोटो दाखवला की नाव येतं. नाही आलं तर आम्ही ‘अनोळखी गवत’ लिहितो. केराबाईंच्या नावांना आमच्या तक्त्यात रकाना नाही. शेरडं राखणाऱ्या बाईच्या शब्दावर अहवाल बदलत नसतात.

मामींना नमस्कार. माया आहे तेवढी राहू द्या.

अपेक्षा

जेऊर, १४ सप्टेंबर

चि. अपेक्षास आशीर्वाद.

एसटीने पुडकं पाठवलंय. केराबाईने माळाच्या आतल्या अंगाचं गवत तुऱ्यासकट वेगवेगळं बांधून दिलंय. पवना, मारवेल, शेडा, अशी सोळा. मे महिन्यात तुरे नसतात, मग तुझ्या अ‍ॅपला सगळं सारखंच दिसणार. तुझ्या यादीत ही सोळा मिळून एक ओळ झाली आहे.

दोन ऑक्टोबरला ग्रामसभा आहे. माळ गेला तर केराबाईला शेरडं विकावी लागतील. माळ मोजणाऱ्याला डोळं न्हाईत का, असं ती मला रोज विचारते. लहानपणी तुला शेळीचं दूध पाजलेल्या बाईला तुझं नाव सांगायला माझी जीभ रेटत नाही.

आप्पामामा

शुक्रवार पेठ, सोलापूर, २४ सप्टेंबर

ती. आप्पामामांस सा. न. वि. वि.

पुडकं ऑफिसात उघडलं. गवत ते गवत, सोळा काय आणि एक काय, असं म्हणून साहेब हसले. असल्या माणसाच्या शाबासकीसाठी मी सही केली, याची किळस आली. मी रस्ता मोजला, माळ मोजलाच नाही, असं लिहून देऊन सही मागे घेतली. नोकरी राहील असं वाटत नाही.

त्या कागदाची प्रत ग्रामसभेत मीच वाचेन. केराबाईंना तोवर काही सांगू नका. डोळे कुणाला नव्हते, ते त्यांना माझ्याच तोंडून कळू दे.

लोभ उरला असेल तर आपली,
अपेक्षा