या बायांनो, जेवायला

२ जून
अमेरिकेत अर्विंगला पोचले. घर चकाचक, एसी गार. बहिणीची पोर उपासना पोटुशी आहे, तिच्या खाण्यापिण्यासाठी आले. जावई कुशल म्हणाला, मावशी आल्या, आता माझं वजन वाढणार. वाढू दे की, नुसता काटकुळा आहे.

४ जून
उपासना घरूनच काम करते. लढाई चाललेल्या मुलखात कुठे उपासमार होणार ते आधी ओळखायचं आणि नकाशात रंग भरायचा. तिनं गडद लाल भरून वर पाठवला, की धान्याचे ट्रक निघतात. मग भर की, म्हटलं. तर म्हणे, सर्व्हे अर्धा आहे, मेलेल्यांचा आकडा कमी पडतो. मरायची वाट बघता का, विचारलं. शिकलेल्यांचं डोकं असंच.

७ जून
ती तिकडच्या छावणीशी व्हिडिओवर बोलत होती. मी बाजूला भाकर खात बसलेले. पडद्यावर बायांची रांग, नुसती हाडं, माझ्या ताटाकडे बघतायत. आपली सवय, तोंडातून गेलं, या बायांनो, जेवायला. उपासना हसली, म्हणे त्यांना मराठी कुठे कळतं. एकीनं मान डोलावली.

८ जून
तांदळाचं पोतं रिकामं. फ्रिजही. फरशीवर लाल माती, अनवाणी पायांची. कुशल चिडवतो, मावशी, एकटीनं फस्त केलंत?

१० जून
भर दुपारी आल्या. छावणीतल्याच, मी ओळखलं. मी भाकरी थापली, त्यांनी तव्यावरूनच उचलली. कुशल हाकलायला गेला. त्याची बोटं चावून तोडली. मग गाल. मग गळा. हाडं फुटताना ऐकली. मी थापत राहिले. थांबले तर उपासना—
बाहेरचं दार उघडत नाही. फोन लावला तर पलीकडे नुसतं चावणं.

११ जून
पीठ तळाला. एकीला खुणेनं विचारलं, जाणार कधी. तिनं उपासनाच्या नकाशावर बोट ठेवलं. तिकडे धान्य गेलं तर जातील. उपासनाला म्हटलं, भर लाल. ती रडते, आकडा पुरा नाही मावशी, नोकरी जाईल. म्हटलं, आकड्यात कुशलला धर.

पीठ संपलं. त्या तिच्या खोलीकडे वळल्या— मी दाराला पाठ लावून बसले. बोलावलं मी, वाढणार मीच. हात पुढे केला.

उजवा संपला. उपासना आतून दार बडवते, मावशी उघड. नाही उघडणार. नकाशा पाठव आधी. अजून डावा—