बिनविषारी चाव्याचं इंजेक्शन

२ जून
अखेर सर्पालयात काम शिकायला आले! आई फोनवर म्हणाली, माणसांत रमायचं सोडून सापांत कसली जाऊन पडतेस. तिला काय सांगणार, इथे मी माहेरी आल्यासारखी हुरळून गेले आहे. सर्पालयाच्या माडीवर हवेशीर खोली मिळाली. मालकांना सगळे काका म्हणतात, मीही तेच सुरू केलं. काचेच्या पेट्यांची रांग बघून डोळे निवले. धामण माझी लाडकी. अंगाने दांडगी, पण विषाचा थेंब नाही. नानेटी हातात घेतली की साखळीसारखी ओघळते. विषारींत मला मण्यार देखणी वाटते, काकांचा जीव मात्र घोणसेवर. ती फुत्कारली की स्वयंपाकघरात कुकर लागल्याचा भास होतो. काका तिचं विष काढून मागच्या तबेल्यातल्या घोडीला थोडं थोडं टोचतात. मग घोडीच्या रक्तात विषाशी झुंजायची ताकद येते आणि त्या रक्तापासून सर्पदंशावरचं औषध बनतं.

५ जून
काकांचा शिरस्ता असा, की नव्या माणसाने बिनविषारी सापांकडून मुद्दाम चावून घ्यायचं, म्हणजे भीड चेपते. मला काय, आयतंच फावलं. आज कवड्या सापाने बोट धरलं ते सोडेचना. आम्ही दोघंही पोट धरून हसलो. जखम चिघळू नये म्हणून काकांनी लगेच दंडावर इंजेक्शन दिलं. माणूस मायाळू आहे. उंदीरवाला सापांचं खाद्य घेऊन आला आणि पिंजरा दारातच टाकून पळाला. त्याला सापांची नाही, काकांची भीती वाटते म्हणे.

११ जून
आज धामण चावली. पुन्हा सुई. दंड टम्म सुजलाय, काळानिळा पडलाय. दात घासताना हिरड्यांतून रक्त येतं. काका म्हणाले, अंगाला सवय होतेय, लक्षण उत्तम आहे. कसली सवय, ते विचारायचं राहूनच गेलं.

१४ जून
काकांनी घोडीला मारलं. हातोड्याने, कपाळावर. पहिल्याच घावात ती गुडघ्यांवर आली. मी त्यांचा हात धरला तर मला भिंतीवर भिरकावलं. ती मेल्यावरही मारतच होते. मग घाम पुसत शांतपणे म्हणाले, मागे घोणस चावली तेव्हा हिच्या औषधानेच माझा गळा सुजून श्वास कोंडला होता. घोड्याचं रक्त त्यांना सोसत नाही. माणसाचं सोसेल. आणि साप काही सोडवत नाहीत. बोलता बोलता माझ्या दंडावरून हात फिरवला.

त्या सुईत घोणसेचं विष होतं. बिनविषारी साप चावल्यावर हिरड्यांतून रक्त येत नाही, हे मी सर्पमित्र म्हणून गावभर शिकवत फिरते. माझ्याच तोंडात रक्त आलं तेव्हा अक्कल कुठे गेली होती? उद्या पहाटे निघते.

१५ जून
फाटकाशी गाठलं मला. सळईने घोटा फोडला. हाड दिसतंय. तबेल्यात टाकलंय, घोडीच्या रक्तावरच पेंढा पसरून. उंदीरवाल्याची गाडी वाजली तशी मी किंचाळले. काकांनी त्याला सांगितलं, घोडी आजारी आहे. तो गेला.

१८ जून
बाटल्या भरभरून रक्त काढतात. औषध करून फ्रीजमध्ये ठेवतात. हलले की थोबाडीत. एक दात गेला. मग बाळ म्हणत घास भरवतात— त्याचीच जास्त भीती वाटते. मला मरायचं नाही. इथे तर नाहीच.

२० जून
मोडक्या पायाची म्हणून दाराला कडी लावत नाहीत. दुपारी काका घोरत होते. मी सरपटत गेले. आकड्याने घोणस उचलली, त्यांच्या गमबुटात सोडली. मग फ्रीजमधल्या बाटल्या फोडल्या. सगळ्या. एकही ठेवली नाही. मर म्हणावं. तडफडून मर.

२० जून, संध्याकाळ
काका ओरडले! बुटात पाय घातला आणि— अंगणात आपटताहेत. मी हसतेय, रडतेय. आई, मी घरी येते गं—

फ्रीज उघडला. काचा. शिव्या.

औषध उरलेलं नाही. कुठेच नाही, एक थेंबही—

नाही. आहे.

माझ्यात आहे.

पाय ओढत येताहेत. हातात सुई नाही, बाटली नाही. कोयता. घमेलं. बाळ म्हणताहेत, आज सगळंच लागेल, सग