आमच्याच वायफायला आम्ही परके

गोरवा, बडोदे
मार्च २००९

श्री. मोहनराव यांस,
विश्वंभरचा सप्रेम नमस्कार. तुमचा गुडघा आता जिने चढू देतो का? मोतीबिंदू काढल्यावर वहिनींना सगळं स्वच्छ दिसू लागलं असं कळलं. तेव्हा आता तुम्हीच जपून राहा. इकडे आम्ही उभयता ठीक, म्हणजे तब्येतीने.

आपल्या यशश्रीच्या बाळाचं बारसं रविवारी टोरांटोला झालं, हे तुम्हाला कळलंच असेल. ते आम्ही कुठे बसून पाहिलं, हे मात्र कळलं नसेल. झालं असं, की वरच्या मजल्यावरच्या केयूरभाईंना मी उत्तरायणाच्या दिवशी गच्चीत आमच्या वायफायचा पासवर्ड देऊन बसलो. (त्यांच्या आईंनी केलेलं उंधियू तोंडात होतं. अशा वेळी माणूस काहीही देतो.) तेव्हापासून त्यांच्याकडे सिनेमे उतरू लागले आणि आमच्या लॅपटॉपवर लेक बोलता बोलता थिजू लागली. बारसं असं थिजलेलं पाहायचं? पासवर्ड बदलावा, तर ते हसत हसत नवा मागणार, आणि उंधियूला जागणारा माणूस नाही कसं म्हणणार? तेव्हा मी गुपचूप दुसरा उपाय केला. प्रत्येक कॉम्प्युटरला कारखान्यातच एक कायमचा नंबर मिळतो, सटवीने कपाळी लिहावं तसा. वायफायच्या डबीला असे नंबर देऊन ठेवले, की कोणाला आत घ्यायचं ते ती बघते. (नंदेसरीला आमच्या कारखान्यात गेटपास नसेल तर मॅनेजरच्या मेहुण्यालाही सोडत नाहीत, तसंच. मेहुणा हे आपलं उदाहरण म्हणून.) बारशाच्या दिवशी दुपारी मी माझ्या आणि नयनाच्या लॅपटॉपचे नंबर घातले, खाली एक खूण केली आणि बटण दाबलं. डबीने आज्ञा तंतोतंत पाळली. फक्त मी खूण 'यांनाच येऊ द्या' याऐवजी 'यांना येऊ देऊ नका' इथे केली होती. सबंध सोसायटीला दार उघडं आणि घरमालक बाहेर!

दुरुस्त करायला आत शिरावं, तर आत शिरायलाच बंदी. डबीला वायरने जोडलं असतं तर जमलं असतं, पण ती वायर नयनाने गच्चीत पापडांवरचं कापड बांधायला नेलेली, आणि आता ती उन्हाने तडकलेली. तिकडे टोरांटोला पाळणा सजला, इकडे नयना पैठणी नेसून तयार, आणि पडद्यावर काहीच नाही. तिच्या डोळ्यांत पाणी आलं तेव्हा मात्र माझं धाबं दणाणलं. तिने घुगऱ्यांचं पातेलं उचललं आणि सरळ वर गेली. मागोमाग मी.

केयूरभाईंनी दारातच स्वागत केलं. "आवो आवो काका! आजे तो नेट एकदम फास्ट चाले छे!"

चालणारच. बाळ असं स्वच्छ दिसलं, की कानात नाव सांगताना त्याने दिलेली जांभईसुद्धा आम्ही पाहिली. नाव ठेवलं ध्रुव. नयनाने पाळणा म्हटला, केयूरभाईंच्या आईंनी त्यावर गुजराती हालरडुं म्हटलं, आणि दोघी मिळून रडल्या. मी भिंतीकडे तोंड करून घुगऱ्या खाल्ल्या.

मग डबी दुरुस्त करायला त्यांचाच लॅपटॉप मागावा लागला. केयूरभाईंनी ते पान उघडलं, बघितलं आणि विचारलं, "काका, आ बे चोर कोण छे?"

"आम्हीच," मी म्हणालो.

त्यांनी ते दोन नंबर पुन्हा वाचले. मग सगळं उमजून हसू लागले. "सीधुं कही देवुं हतुं ने, काका!" एवढं बोलून त्यांनी स्वतःच्या हाताने खूण बदलली. आमचे लॅपटॉप आत आले, त्यांचा तिथल्या तिथे बाहेर पडला. मला इतकं ओशाळं वाटलं म्हणता! खाली येऊन मी मुकाट्याने त्यांचाही नंबर घातला. आता सिनेमे रात्री आम्ही झोपल्यावर उतरतात, असा तह झाला आहे.

वहिनींना नमस्कार.

आपला,
विश्वंभर

ता. क. : खरं काम राहिलंच. ही नंबरांची युक्ती तुम्हीच मला फोनवर सुचवलीत, असं मी नयनाला सांगून ठेवलं आहे. तिचा फोन येईल. कृपा करून 'हो' म्हणा. दादावर ती फार वेळ रागावत नाही.

ता. क. दुसरा (अक्षर माझं आहे, दादा) : पाकीट डकवायला माझ्याकडेच दिलं होतं. 'हो' म्हणू नकोस. – नयना