वलद हे आडनाव नव्हे

खापरपणजोबा भिवा सुतार यांच्याबद्दलच्या सरकारी दप्तरातल्या अडीच ओळी मला केवढ्याला पडल्या, ते आधी मांडतो: दिल्लीच्या सात खेपा, त्यातल्या दोन कर्फ्यूमुळे अंबाल्याहून परत, एक चष्मा, आणि पत्नी सरला हिचा तीन आठवड्यांचा अबोला.

मी, दिगंबर सदाशिव मेस्त्री, वय ५९, मूळ तालुका दापोली, हल्ली मुक्काम मनीमाजरा, चंदीगड, पूर्ण शुद्धीवर असून हे मृत्युपत्र लिहितो. 'कोणाच्याही दडपणाशिवाय' असे लिहायची रीत आहे. ह्या सालात, ह्या गावात, ते लिहायला हात धजत नाही. 'स्वतःच्या अकलेने' असे वाचावे.

१. राहते घर सरलाचे. एकसष्ट साली एक ट्रंक घेऊन आलो. बाकी सगळे माझ्या हातचे. मोहालीच्या सोसायटीत हलायचे की दापोलीला परतायचे, ते तिने ठरवावे. गेले सात महिने मी रोज तिला वेगळे उत्तर देतो आहे.

२. मागचे वर्कशॉप, विजेवरची लेथ आणि वजनकाटे दुरुस्त करायची हत्यारे मुलगी सुमेधा हिला. सेक्टर ३० च्या प्रयोगशाळेत मी फिटर होतो. काटा बिघडला की साहेब लोक भिंग लावत, मी कान लावी. दांडी ज्या पात्यावर डोलते त्याची धार कुठे बोथटली ते आवाजावरून सांगत असे. कान मात्र वारसाने देता येत नाहीत.

३. दप्तराच्या नकला चुलतभाऊ सुरेश याला, आणि एवढेच. याने कुलवृत्तांतात भिवाला 'क्रांतिवीर' छापले, इंग्रजाचे लाकूडकोठार जाळून काळ्या पाण्यावर गेलेला, आणि मला पत्र टाकले, "दिगू, तुला काय सापडणार? तू आपला तराजूवाला." आधीच्या खेपांत मी 'मेस्त्री' शोधत होतो. सातव्या खेपेला दप्तरखान्यातल्या म्हाताऱ्या कारकुनाला म्हटले, कैद्यांची यादी मोठ्याने वाचा. तो वाचत गेला: "वलद, बाळा. वलद, गोंद्या. बहुत बड़ा ख़ानदान था जी, सब के सब मुजरिम!" मी हसलो आणि मग उठून उभाच राहिलो. वलद म्हणजे अमक्याचा मुलगा. जुन्या कोणा लेखनिकाने ते आडनाव समजून अर्धा रत्नागिरी जिल्हा इंग्रजी सूचीत डब्ल्यूखाली एकाच घरात घातला होता. त्यातच आमचा: भिवा वलद रामजी, सुतार, १८६३, जन्मठेप, अंदमान.

४. त्या अडीच ओळींच्या आधारे त्याच्या खटल्याचे कागदही निघाले. आग लागली तेव्हा भिवा म्हणे घरी रंधा मारत होता. शेजारच्या पाच जणांना विचारले. पाचांचा जबाब एकच: आम्ही काही ऐकले नाही. तेवढ्यावर माणूस गेला. वीर नव्हता, बंडखोर नव्हता. रंध्याचा आवाज पाच घरांना ऐकू जातो, हे सुताराच्या पोराला सांगायला नको. महाराष्ट्र मंडळात मी सर्वांदेखत म्हटले होते, त्या पाचांच्या जागी मी असतो तर कोर्टाची कौले हलतील असे बोललो असतो. टाळ्या पडल्या. सुमेधा तेवढी म्हणाली, "पापा, तब की बात है, छोड़ो ना."

५. माझ्या वर्कशॉपच्या भिंतीपलीकडे गुरबचनसिंग यांचे घर. सात मार्चला सकाळी साडेनऊला त्यांचा मुलगा जसपाल, वय २२, बिननंबरच्या जीपमधून नेला गेला. कागदोपत्री तो आपणहून सीमेपार पळाला. दुसऱ्या दिवशी ठाण्यावर मी गुरबचनजींसोबत होतो. हवालदाराने विचारले, "कौन सा जसपाल सिंह? यहाँ सौ हैं." ते टेबल धरून म्हणाले, "लिखो जी, जसपाल सिंह वल्द गुरबचन सिंह." हवालदाराने लिहिले नाही. तोच शब्द, दिल्लीच्या यादीतला.

चौकशीला पोलिसांचे साहेब आले तेव्हा त्यांनी मला विचारले. मी म्हणालो, "लेथ चल रही थी जी, कुछ सुनाई नहीं दिया." गुरबचनजींनी माझ्याकडे पाहिले नाही. संध्याकाळी नेहमीसारखी लस्सी मात्र पाठवली. सरलाने तो पेला तसाच माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाली, "प्या आता."

मी जे ऐकले ते लाखबंद पाकिटात आहे: चार जोडी बूट, एक पाय ओढणारा; "बाप दा नाँ?" असे बापाचे नाव विचारणे आणि जसपालचे उत्तर, जीपच्या पंख्याच्या पट्ट्याची किंचाळी, आणि तीच किंचाळी पुढच्या मंगळवारी मी कोणत्या फाटकात ऐकली ते. हे पाकीट माझ्या मृत्यूनंतर गुरबचनसिंग यांच्या हाती द्यावे.

६. दशक्रियेला सुरेशला बोलवावे. भाषण करू देऊ नये.

साक्षीदार: डॉ. विश्वास लिमये (सही), कृष्णकांत तांबट (सही)
लिहून ठेवणार: दिगंबर वलद सदाशिव मेस्त्री (सही)
मनीमाजरा, रविवार, २१ ऑक्टोबर १९९०

दुरुस्ती, साक्षीदारांसमक्ष: कलम ५ मधील 'माझ्या मृत्यूनंतर' हे शब्द खोडले, त्या जागी 'उद्या सकाळी, मी स्वतः' असे वाचावे. तसेच नोंद असावी की सात मार्चला सकाळी आठ ते अकरा मनीमाजऱ्यात वीज नव्हती.