डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा

अहो,

गाडी घेऊन हायवेला जातेय. मेकॅनिक म्हणाला, इंजिनात काही खोट नाही. रोज नुसत्या घर, शाळा, बाजार एवढ्याच फेऱ्या झाल्या की डिझेलची काजळी फिल्टरमध्ये साचते आणि इंजिनाचा दम कोंडतो. अर्धा तास मोकळ्या रस्त्यावर पळवली की फिल्टर तापून काजळी जळते आणि डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा विझतो.

आईंची गोळी जेवणानंतर द्या. धाकटीला शाळेतून आज तुम्हीच आणा. फोन घरीच ठेवलाय.

परत आल्यावर इंजिन लगेच बंद करायचं नसतं. टर्बो तापलेला असतो, मिनिटभर थांबावं लागतं. तेवढा वेळ मला दारातून हाक मारू नका.

आणि हो, दिवा मागच्या सोमवारीच विझलाय.