तोफेची पाळी

प्रिय लंबूटांगे,

तुझं पत्र मिळालं. गोदीच्या संग्रहालयातल्या सगळ्यांना तू कामाला लावलंसच, आता मलाही जुंपते आहेस. फलकासाठी तोफेचा इतिहास हवा, आणि तोही आठवड्याभरात! बाबांच्या नोंदवह्या माझ्याकडे असल्यामुळे माझी सुटका नाही, हे कबूल. त्यातली एक नोंद मी अकरा वर्षं तुझ्यापासून लपवली आहे. तीही आज लिहिते. मधेच पत्र फेकून देऊ नकोस, एवढंच.

तोफ मूळची युद्धनौकेवरची. नौका भंगारात गेली आणि ही बया ग्रीस फासून बावीस वर्षं कोठारात पडून राहिली. लढाई सुरू झाली तशा मालवाहू जहाजांसाठी अशा म्हाताऱ्या तोफा हुडकून काढल्या. बसवायच्या त्या जहाजाच्या मागच्या टोकालाच. व्यापारी जहाजानं भांडण उकरून काढायचं नाही, पळता पळता मागे लागलेल्या पाणबुडीवर तेवढे गोळे टाकायचे, असा नियम होता. बाबांना त्याचं फार हसू यायचं.

तोफा मोजक्या आणि जहाजं भाराभर. म्हणून धोक्याचा पट्टा ओलांडून जहाज गोदीला लागलं, की बाबांची माणसं सोळा बोल्ट सोडवून तोफ उतरवायची आणि निघणाऱ्या जहाजावर चढवायची. फोरमनच्या खोलीत फळ्यावर खडूनं पाळी लिहिलेली असे. आपली तोफ अशी नऊ जहाजं फिरली. बाबा फिटरांचे मुकादम. डेक तोफेचा धक्का सोसेल की नाही, यात शब्द त्यांचा. ते नाही म्हणाले, की पाळी पुढच्या जहाजाला.

बाबा तुला ठाऊकच आहेत. तुझे वडील बुडाले, त्यानंतर तुमच्याकडे कुलूप, नळ, शिलाई मशीन, तुझी सायकल, काहीही बिघडायचा अवकाश, बाबा हत्यारांची पेटी घेऊन हजर. माझ्या सायकलची चेन मात्र महिना महिना पडलेली. मी किती जळायचे तुझ्यावर! तुझी आई म्हणायची, असा शेजारी मिळायला नशीब लागतं. तरी बाबा तुमच्याकडे चहाला म्हणून कधी टेकले नाहीत. आपल्याला वाटायचं, भिडस्त स्वभाव.

आता ती नोंद. सातव्या जहाजाची. त्या दिवशी तोफ एक आणि निघणारी जहाजं दोन. पाळी तुझ्या वडिलांच्या जहाजाची होती, त्यामागचं जहाज माझ्या धाकट्या काकाचं. काकाचं लग्न ठरलेलं, आजीनं बाबांच्या मागे धोशा लावलेला. बाबांनी तुझ्या वडिलांचं जहाज तपासलं आणि लिहिलं, 'डेकखालचे टेकू कमजोर, तोफ बसणार नाही.' टेकू चांगले भक्कम होते. तोफ काकाच्या जहाजावर चढली. तुझ्या वडिलांचं जहाज तसंच निघालं आणि चौथ्या दिवशी पाणबुडीनं त्याला गाठलं. काका सुखरूप परतला. त्या फेरीत तोफेतून एकही गोळा सुटला नव्हता. हे बाबांनी मला जायच्या आदल्या आठवड्यात सांगितलं, पूर्ण शुद्धीत. तोफ असती तर तो वाचला असता का गं, असं मलाच विचारत होते. मला त्यांचा भयंकर राग आला, आणि तरी मी त्यांचे पाय चेपत बसले.

तू लिहितेस, फलकावर बाबांचं नाव घालायचं आणि पडदा आपण दोघींनी मिळून ओढायचा. म्हणून हे पत्र. इतकी वर्षं बोलले नाही, कारण तू तुटलीस तर माझं म्हणावं असं दुसरं कोणी नाही. पण ते नाव तू स्वतःच्या हातानं तिथे लावलेलं मला बघवणार नाही. ते गाळ. जहाजांच्या यादीत सातव्या ओळीत काकाच्या जहाजाआधी तुझ्या वडिलांच्या जहाजाचं नाव लिही, आणि पुढे एवढंच, की पाळी याची होती.

हे वाचूनही म्हणू दिलंस तर तुझीच,
शेजारीण