तांदळातलं नाव

३ फेब्रुवारी १९८६, नॉटिंगहॅम
अविचा व्हिसा नाकारला. दीड पानी पत्र. लग्न खरं वाटत नाही, इंग्लंडात घुसण्यासाठी केलेलं दिसतं, म्हणे. घुसण्यासाठी! पुण्यात बँकेत कायम नोकरी असलेला माणूस इथे कुडकुडायला घुसणार. कारण क्रमांक तीनवर मात्र अडकले. 'अर्जदाराला स्वतःच्या बायकोचं नाव सांगता आलं नाही.'
तसंच ड्यूटीला गेले. बेड ९ चे आजोबा वॉर्डच्या मुख्य सिस्टरला, "नॉट हर. प्रॉपर नर्स पाठव." प्रॉपर नर्स ब्रेकवर होती. मीच त्यांना पुसून काढलं. सबंध वेळ डोळे मिटून होते.

५ फेब्रु.
पुण्याला ट्रंक कॉल. अर्धी घरघर. व्हिसाच्या मुलाखतीत साहेबाने विचारलं, लग्नानंतर बायकोचं नाव काय? हा म्हणाला, अपर्णा.
"अरे, पासपोर्टवर शैला आहे!"
"पण त्याने लग्नानंतरचं विचारलं ना गं!"
या नावाने अविने दोन वर्षांत मला एकदाही हाक मारलेली नाही. नाव बदलणार नाही, असा हट्ट धरला होता मी. सासूबाई रडल्या. मग तह. ताटात तांदूळ पसरायचे, अविने अंगठीने 'अपर्णा' लिहायचं, फोटो काढायचा, की तांदूळ परत डब्यात. कागदावर कुठेही नाही. सगळ्या जगात ते नाव वापरणाऱ्या एकट्या सासूबाई. आणि आता हा. तेही नेमकं तिथे.
खूप चिडले. फोन आपटला. मग वाटलं, तह तर माझाच होता.

८ फेब्रु.
दाराच्या टपालाच्या फटीतून कोणीतरी व्हिनेगरने ओला चिप्सचा कागद आत टाकला. गेल्या आठवड्यात माशाचं डोकं होतं, म्हणजे प्रगती आहे. शेजारीण दुधाची बाटली उचलत म्हणाली, "तुम्ही लोकच ओढवून घेता हे." गुड मॉर्निंग म्हटलं. काय करणार. याच फटीतून अविची पत्रंही येतात.

१४ फेब्रु.
मॉरीन भेटली. अपिलाची केस फुकट लढवणारी वकील. सरळ बाई. तिला पुरावा हवाय, मला घरचं कोणी अपर्णा म्हणतं याचा. विचारलं, सासूबाईंची पत्रं आहेत का?
होती! दर पंधरवड्याला 'चि. सौ. अपर्णास अनेक आशीर्वाद.' ते नाव दिसलं की डोकं फिरायचं. वाचून फाडायची. सगळी.
घर उलटंपालटं केलं. एक सापडलं, मागे माझीच यादी लिहिलेली म्हणून फाडायचं राहिलेलं. तूरडाळ, ब्लीच, स्टॅम्प. मॉरीन म्हणाली, "ब्रिलियंट." ब्रिलियंट कसलं, कपाळ!

३ मार्च
सिस्टरने केससाठी शिफारसपत्र दिलं. मनापासून लिहिलंय. पहिलंच वाक्य, 'सॅली आठ वर्षं आमच्याकडे आहे.'
पहिल्या दिवशी हीच म्हणाली होती, पेशंटना तुझं नाव जमायचं नाही, आम्ही सॅली म्हणू. बिल्ला हातात दिला. मी लावला. सासूबाईंना रडेपर्यंत नडले आणि इथे पिन स्वतःच्या हाताने टोचून घेतली. लाज वाटली आज.
शैला लिहा म्हटलं. "बट लव्ह, कोणाबद्दल आहे ते मलाच कळणार नाही."
पत्र तसंच गेलं.

११ नोव्हें.
बर्मिंगहॅम. सुनावणी. सरकारी बाजूचा तरुण, चांगला सूट. तीन कागद ओळीने मांडले. "शैला, अपर्णा, सॅली. यांपैकी नक्की कोणाशी लग्न झालंय?" मागे कोणीतरी हसलं.
तांदळाचं सांगितलं. निकाल देणारे म्हातारे गृहस्थ म्हणाले, "शिजवलेले?"
"कच्चे."
त्यांनी लिहून घेतलं. मग विचारलं, नवरा अपर्णा म्हणून हाक मारतो का?
हो म्हणायचं फक्त. एवढं सोपं. तोंडातून गेलं, "कधीच नाही."
मॉरीनने डोळे मिटले. निकाल पोस्टाने.

२ डिसें.
बिल्ला काढला. चिकटपट्टीवर 'शैला' लिहून लावलं. बेड ४ ची बाई, "सॅली कुठे गेली?"
"गेली."
"बरं झालं, ती जरा तुटकच होती."
सिस्टरने दोनदा पाहिलं. उद्या बोलेल.

९ जानेवारी ८७
सासूबाईंचं पत्र. 'चि. सौ. शैलास.' पहिल्यांदाच. लिहितात, 'माझ्या हौसेपायी तुमचा संसार अडला. ते नाव मी तोंडातून काढणार नाही. ताटाचा फोटोही भिंतीवरून उतरवला आहे.'
खूप रडले. अहो आई, आत्ता कुठे त्या नावाची गरज पडली होती.
हे पत्र फाडलं नाही. मॉरीनला दाखवायचंही नाही.

१६ जाने.
सकाळी फटीतून दोन गोष्टी एकदम. चिप्सचा कागद, आणि त्याला चिकटलेलं लांबट सरकारी पाकीट. व्हिनेगरने कोपरा भिजलाय. पत्ता टाइप केलेला, 'शैला ऊर्फ अपर्णा ऊर्फ सॅली.' चोराच्या नावापुढे लावतात तसं ऊर्फ.
कोपरा पुसला. सासूबाईंच्या पत्राशेजारी ठेवलंय. पावणेसात झाले, सातला ड्यूटी. बस येईलच.
तिघींना मिळून एक पाकीट. उघडायला मात्र मी एकटीच आहे इथे.